सोयरी बोहणी

फोन आला तेव्हा मी वडनेरला नव्या बायांच्या प्रशिक्षणात फळ्यावर ‘नफा’ हा शब्द लिहीत होते. पलीकडून शालूचे यजमान, विनायकराव, एवढंच म्हणाले, “शालू गेली.” मी विचारलं, “कुठं?” कारण शालू सारखी कुठंतरी जातच असायची... सकाळी हिंगणघाट, दुपारी गिरड, संध्याकाळी एखाद्या बँकेच्या दारात. त्यांना हुंदका आवरेना तेव्हा मला कळलं. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली म्हणे. महिना उलटला, पण मला अजून एका जागी बसवत नाही. पंखा लावते, बंद करते, उगाच दार उघडून बघते. तिची खोड जाता जाता मला लावून गेली बया.

हिंगणघाटच्या आमच्या छोट्या संस्थेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. काम सांगायला सोपं होतं. ज्या बाईला धंदा सुरू करायचाय तिला शिकवायचं, थोडं अनुदान मिळवून द्यायचं, उरलेल्याला लहान हप्त्यांचं कर्ज, आणि मग तिच्या मागं लागायचं. शिकवणं माझ्याकडं, मागं लागणं शालूकडं. तिचा एक नियम मात्र सगळ्यांना छळायचा. धंद्याच्या पहिल्या दिवशी आपल्या माणसानं काही विकत घ्यायचं नाही. भावानं नाही, नणंदेनं नाही, फीत कापायला आलेल्या साहेबानं तर मुळीच नाही. असल्या पहिल्या विक्रीला ती ‘सोयरी बोहणी’ म्हणायची. “ते तुह्या तोंडाकडं पाहून घेते, मालाकडं पाहून नाई,” असं बायांना बजावायची. तिचे स्वतःचे हात पोळले होते ना! लग्नानंतर तिनं फ्रॉक शिवायला घेतले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मावश्या-आत्यांनी सगळे उचलले. ही हरखली, कापडाचे तागे आणून टाकले, आणि नंतर कोणी फिरकलं नाही. त्या फुलाफुलांच्या कापडाच्या उशांच्या खोळी तिच्या घरी कितीतरी वर्षं होत्या.

गिरडजवळच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, शेवंता आमच्याकडं आली ती पळसाच्या पानांचे द्रोण करायला. घरात गोंडी, बाजारात वऱ्हाडी, आणि आमच्यासमोर बहुतेक वेळा गप्प. ती यंत्र चालवायला शिकली, अनुदान मिळालं, कर्ज मिळालं, पण घरात निराळंच शिजत होतं. नवरा वीटभट्टीवर जायला निघाला होता. पहिल्या बाजारात माल खपला तर शेवंता लेकीला घेऊन इथं राहणार, नाहीतर यंत्र परत करून सगळं बिऱ्हाड भट्टीवर, आणि पोरीची शाळा बंद. हे त्यानं आमच्या तोंडावर सांगितलं होतं.

गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला येणारे लोक खाली स्वयंपाक करतात, त्यांना द्रोण लागतीलच, असा आमचा हुशारीचा अंदाज. पण बाजाराच्या दिवशी दुपार कलली तरी शेवंतापुढचे गठ्ठे जसेच्या तसे. मला राहवेना. मी पर्स उघडली, तर शालूनं मनगटच धरलं.

“ठेव ते.”

“अगं, तिच्या पोरीची शाळा...”

“म्हनूनच म्हन्तो, ठेव.”

तेवढ्यात शेवंताच उठून आली. एरवी न बोलणारी बाई, पण तेव्हा तिचा आवाज फाटला होता. “ताई, तुमीच शिकवलं, तुमीच कर्ज देल्लं, मंग एक गठ्ठा काऊन नाई घेत?” शालू पाठ फिरवून बाजारात येरझाऱ्या घालायला लागली, मिरचीवाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत, पुन्हा मागं. मग दिसेनाशीच झाली. मला तिचा इतका राग आला होता, की त्या क्षणी मी तिचं तोंडही पाहिलं नसतं. थोड्या वेळानं पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला, किंमत विचारली, पैसे दिले आणि सगळ्यात मोठा गठ्ठा काखेत मारून गेला. शेवंतानं नोट कपाळाला लावली. शालू पानटपरीमागून धावत आली आणि भर बाजारात तिला मिठी मारून ओरडली, “पाह्यलं? अनोळखी गिऱ्हाईक!” नवरा एकटाच भट्टीवर गेला. शेवंता राहिली, पोरगी शिकली, आज टोल्यावरच्या आणखी बाया तिच्या हाताखाली द्रोण करतात. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले, अगदी रंगवून.

मागच्या आठवड्यात शेवंताला घेऊन विनायकरावांकडं गेले. त्यांना माळ्यावरचे पापडांचे डबे काढून हवे होते. डब्यांमागं सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. पळसाचे द्रोण, सुकून तपकिरी झालेले, कडा वाकड्यातिकड्या दाबलेल्या... “हे होय?” विनायकराव म्हणाले, “बाजारात सवारी घेऊन आलेल्या आमच्या शेजारच्या जीपवाल्याला पाठवून आणवले होते तिनं. कधी वापरू दिले नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. खोटारडी! सगळ्या तालुक्याला नियम शिकवत हिंडली, आणि मला, मलासुद्धा, एका शब्दानं बोलली नाही. रडू आवरत नव्हतं आणि शेवंताकडं बघायची हिंमत होत नव्हती. तिच्या सगळ्या संसाराचा पायाच मी तिच्यादेखत उकरून काढला होता. ती मात्र गठ्ठा मांडीवर घेऊन कडांवरून बोट फिरवत बसली होती.

“मले ठाऊक होतं, म्याडम.”

“कधीपासून?”

“तवाच. त्यानं भाव नाई केला. बजारात बिना भाव करता कोनी घेते का? मी समजून गेलतो, हा मानूस ताईनं धाडला.”

“मग तिला बोलली का नाहीस गं?”

“ताई इतक्या खुश झालत्या...” तिनं गठ्ठ्यावरची धूळ पुसली. “मले वाटलं, आता ताईची बोहनी खोटी नाई पडू द्याची.”

विनायकराव चष्मा पुसत उभे होते. आठवण म्हणून गठ्ठा घरी घेऊन जा, असं ते तिला म्हणाले. शेवंता उठली, तिनं सैल झालेली सुतळी आवळली आणि हात उंच करून गठ्ठा होता तिथंच माळ्यावर ठेवला.

“नाई भाऊ,” ती म्हणाली, “इकलेला माल मी वापस नाई घेत.”