राक्षसांची काळजी वाहणारा मेहुणा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्याची कारणं दर वर्षी वेगळी सापडत गेली, आणि निवृत्त मुख्याध्यापकाला कारणांची कमतरता नसते. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूसही उरलेला नाही. तेव्हा सरळ सांगतो: आमच्या मेहुण्याइतकी राक्षसांची काळजी या पृथ्वीवर दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. लोक राक्षसाला बघून पळतात, नाहीतर त्याला मारतात. हा त्याच्या जेवणाखाण्याची चौकशी करायचा.

माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ वेल्ह्याच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. गाईम्हशींच्या जखमा धुणं, औषध पाजणं हे त्याचं काम. पण जीव अडकला होता तो किड्यांत. शेणाचा पो दिसला की हा काडी घेऊन उकिडवा बसायचा. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत जंत, गोचीड, गुरांच्या यकृतातले पानासारखे चपटे किडे ओळीनं मांडून ठेवलेले. एकदा भाचीच्या लग्नात पंगतीला शेवयांची खीर वाढत होते. यानं चमच्यानं एक लांब शेवई उचलली, उजेडात धरली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मामांना म्हणाला, "पाव्हणं, बैलाच्या आतड्यात ह्याच्या धा पट लांब जंत निगतो. आन बैल बिचारा येका शब्दानं बोलत न्हाई." मामांनी पान लोटलं. आमची ही आतून ओरडली, "अरे, जेवताना तरी तोंड आवर!" तेव्हा तो खरोखर खजील होऊन म्हणाला, "आक्का, म्या बैलाचं कवतिक करत हुतो."

माझा मुलगा पुण्याला नोकरीला. एका दिवाळीला तो लॅपटॉप घेऊन आला, त्यात एक खेळ होता. दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत, तिथल्या लोकांच्या अंगात कसलासा किडा शिरलेला, आणि ते लोक आता जबडा वासून अंगावर येतात. आपण बंदूक घेऊन त्यांना मारत पुढं जायचं. मेहुण्याला खेळायला बसवलं, तर हा बंदूक खाली करून राक्षसापाशी गेला आणि त्याचं पोट न्याहाळू लागला. राक्षसानं त्याला खाल्लं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हा पोटापाशी. पाचव्यांदा खाल्ला गेल्यावर मान वर करून म्हणाला, "भाचेबुवा, ह्यो किडा अडाणी हाय."

"का हो मामा?"

"आरं, किडा ज्याच्यात ऱ्हातो त्याला आसं पळवून पळवून दमवतो व्हय? घर हाय त्ये त्याचं! आन अंडी घालतो कुठं? म्होरल्याच्या पोटात जातो कसा? नुसतं दात काडून ठिवल्यात."

त्या दिवाळीपासून हा माणूस दोन जगांत राहू लागला. मुलाच्या ओळखीची पुण्यातली चार पोरं असाच एक खेळ तयार करत होती. मुलानं मामाचे प्रश्न गंमत म्हणून त्यांना सांगितले, आणि ती पोरं थेट वेल्ह्याला येऊन याच्या बरण्यांसमोर मांडी घालून बसली. जाताना म्हणाली, "मामा, आमचे राक्षस तुम्हीच काढा." मग एक जाड रजिस्टर आलं. चित्रकला त्याला लहानपणी मीच शिकवली होती, आणि चित्राखाली तारीख घालायची शिस्तही माझीच. ती तारीख पुढं किती महागात पडणार होती हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या रजिस्टरातले राक्षस मी पानापानानं पाहिलेले आहेत. प्रत्येकाचा किडा कुठून आला, आधी कुणात राहिला, आता कुणात जाऊ पाहतो, हे शेजारी लिहिलेलं. किडा मेंदूच्या डाव्या बाजूला असेल तर राक्षस डावीकडंच वळत राहणार. खेळणाऱ्यानं ते ओळखलं तर गोळी न झाडताही तो उजव्या अंगानं निसटू शकतो. शिवाय त्याचा एक हट्ट होता. किड्यानं पुरता ताबा घेतला तरी त्या माणसाची एक जुनी सवय शिल्लक राहिली पाहिजे. त्याचा एक कंडक्टर होता, अंगभर गाठी आलेला, तरी दर दहा पावलांनी हवेतली दोरी ओढून घंटी द्यायचा. एक बाई होती. डोळे गेलेले, आणि हात भाकरी थापत असलेले.

"हे कशाला?" मी विचारलं होतं.

"दाजी, गोळी घालनाराचा हात वाईच थांबाय नको? आत कोन तरी ऱ्हात हुतं की."

अकरा राक्षस झाले. आठवड्याभरात पुण्याची पोरं रजिस्टर न्यायला येणार होती. दुसरी प्रत नव्हती. आणि त्याच सुमाराला आमच्या गावात तानूबाईच्या शेळ्या गरगर फिरू लागल्या.

मान एका बाजूला कलायची, शेळी जागच्या जागी फेर धरायची, खाणं सोडायची आणि मरायची. एक गेली, तीन गेल्या, मग शेजारच्या वाडीवरच्याही फिरू लागल्या. मेहुणा दारोदार सांगत फिरला: शेळीच्या मेंदूत पाण्याचा फोड होतो, त्यात किड्याची पिलं असतात; मेलेल्या शेळीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की किडा कुत्र्याच्या पोटात वाढतो; कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, गवतावरून पुन्हा शेळीत. "मुंडकं कुत्र्याला टाकू नगा, खोल पुरा, आन कुत्र्यास्नी जंताचं औषिद द्या," एवढंच त्याचं म्हणणं. माझ्या ओसरीवर बसून त्यानं हे सगळं मला तीनदा सांगितलं होतं. मला पाठ होतं.

पण नुसतं सांगून लोकांना पटेना, म्हणून यानं रजिस्टर नेऊन दाखवलं. आठव्या राक्षसाचं पान. एक धनगर, डोक्याची डावी बाजू फुगलेली, स्वतःभोवती फिरतोय, आणि कोपऱ्यात तशीच मान कललेली शेळी. दुसऱ्या तालुक्यात पाहिलेल्या आजारावरून त्यानं ते काढलं होतं. खाली माझ्या शिस्तीप्रमाणं तारीख, शेळ्या आजारी पडायच्या दोन महिने आधीची.

तानूबाईनं नातीकडून ती तारीख वाचून घेतली. "आदी काडलं, मग झालं. करनीच ही," ती म्हणाली. गावाला तेवढं पुरलं.

भैरोबाच्या देवळात सकाळी बैठक बसली. जीर्णोद्धार समितीचा मी त्याच महिन्यात अध्यक्ष झालो होतो. पोलीसपाटील म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकलेलं. तुमी म्हनाल त्ये आमी ऐकू. ह्यात काय हाय का न्हाई?"

माझ्या एका वाक्याचं काम होतं. पण समोर सगळं गाव बसलेलं, तानूबाई पदर डोळ्याला लावून रडत होती, आणि मेहुण्याची बाजू घेतली तर उद्या मलाही त्याच्या ओळीत बसवतील, असं मनात आलं. मी शहाणपणाचा मार्ग काढला. नारळ मागवला, देवापुढं फोडला आणि मोठ्यानं म्हणालो, "देवा, आमच्या माणसाकडून चूक झाली, पदरात घे." मग ते रजिस्टर माझ्या हातानं देवळातल्या पेटत्या धुनीत ठेवलं. गाव निवळलं. मीही मनातून खूश होतो, भांडण मिटवलं म्हणून.

मेहुणा खांबाला टेकून उभा होता. आरडाओरडा काही नाही. फक्त म्हणाला, "दाजी, तुमाला तर समदं म्हाईत हुतं."

मी माझ्या चपला शोधू लागलो.

शेळ्या अर्थातच मरत राहिल्या. पुढं बाहेरून जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या, देवळाच्याच भिंतीवर तक्ता टांगला. तक्त्यावर शेळी, कुत्रा, गवत आणि मान कललेली शेळी. सगळ्यांनी माना डोलावल्या, मुंडकी पुरली. मेहुण्याचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. आमची ही तेवढी म्हणाली, "माझ्या भावाला तुम्ही गप्प बसून मारलंत." तोवर त्यानं वेल्हं सोडलं होतं आणि तो बायकोला घेऊन सारोळ्याजवळ एका पोल्ट्रीवर राहायला गेला होता. पुण्याच्या पोरांनी नुसते दात काढून ठेवलेले राक्षस घालून खेळ पुरा केला म्हणे.

त्याची तब्येत बिघडल्याचं कळल्यावर गेल्या वर्षी मी सारोळ्याला गेलो. वेल्हे ते नसरापूर आणि पुढं सारोळे, एसटीत सबंध रस्ताभर एकच वाक्य घोळवत होतो: "माझी चूक झाली, मला माहीत असून मी बोललो नाही." मेहुणा हाडांचा सापळा झाला होता, पण मला बघून असा उजळला की जणू मी काल येऊन गेलो होतो. चहा केला. कोंबड्यांच्या जंतांवर अर्धा तास बोलला. मग नवी वही काढली.

भोरच्या बाजारात घाटाखालून आलेल्या समुद्राच्या मासळीत त्याला एक मासा सापडला होता. एक किडा माशाची जीभ खाऊन टाकतो आणि तिच्या जागी स्वतः जीभ होऊन बसतो. त्यावरून त्यानं बारावा राक्षस काढला होता. धोतर नेसलेला, टोपी घातलेला म्हातारा. तोंड किंचित उघडं, आत जिभेच्या जागी पाठमोरा किडा. शिल्लक राहिलेली सवय: एका हातात खडू, दुसऱ्यानं दिसेल तो फळा पुसतो.

"कसा झालाय, दाजी?" त्यानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. "ह्यो वाईट न्हाई बरं का. ह्याला निस्तं बोलता येत न्हाई."

वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "खडू नीट उठून दिसत नाही. जरा जाड रेघ घाल."

त्यानं मान हलवली आणि तिथल्या तिथं पेन्सिलीनं टिपून घेतलं. मग काठी टेकत मला हमरस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडी आली तेव्हा म्हणाला, "गर्दी हाय, म्होरल्या गाडीनं जावा." पुढची आली, ती रिकामी होती. म्हणाला, "बसा हो वाईच, घाई काय हाय?" मला वाटलं, आजारपणानं कंटाळलाय, सोबत हवी असेल.

दोन महिन्यांनी तो गेला. दहाव्याला त्याच्या बायकोनं ती वही माझ्या हातात ठेवली. "तुमाला द्या म्हनले हुते." बाराव्या राक्षसाच्या पानावर खडू जाड केलेला होता. चित्राखाली तारीख. आणि तारखेखाली, राक्षसाला हरवायचं कसं हे तो जिथं लिहायचा तिथं, त्याच्या गोल अक्षरात: ह्याला मारायचं नाही. एक खरा शब्द बोलला की किडा आपोआप गळून पडतो. खेळणाऱ्यानं घाई करू नये, समोर उभं राहून वाट बघावी.

सारोळ्याच्या थांब्यावर तो माझ्यासमोर काठीवर भार देऊन उभा होता, आणि त्यानं दोन गाड्या जाऊ दिल्या होत्या. तिसरी आली तेव्हा मी म्हणालो, "येतो मग," आणि चढलो.