आकृतीतला गळा

पेटंटच्या आकृतीतल्या माणसाला नाव नसतं. कडेने काढलेलं डोकं, उघडं तोंड, जीभ आणि घशातून खाली उतरणारी नळी. हिंगोलीत घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी असे कागद वाचते. मागे काम आलं होतं, श्वासनलिकेत नळी घालायच्या उपकरणांचं. कुणी, कधी, कशावर पेटंट मागितलं, याचा अहवाल करायचा. जुन्या अर्जांत वाकडं पातं आणि बारीक बल्ब. पुढे पात्याच्या टोकाला कॅमेरा आला, मग पडदा, मग वापरून फेकायची पाती. अलीकडचे अर्ज तर घशातली वाट संगणकानेच ओळखावी म्हणतात.

तिसऱ्या दिवशी एका आकृतीतल्या माणसाची हनुवटी आखूड निघाली, मान जाड. मामाची होती तशी.

मी कॉलेजात असताना सिद्धेश्वर धरणाजवळ आग्या मोहोळ उठलं. मामाने मला ढकललं. "काहून उभी राहिलीस? पळ!" मला दोनच डंख झाले. माश्यांखाली त्याचं तोंडच दिसेना. जीपमधून गावातल्या छोट्या दवाखान्यात आणेस्तोवर त्याची जीभ सुजून बाहेर आली होती. डॉक्टरांच्या हातातल्या पात्याचा बल्ब मिणमिणत होता. "मोबाईलचा टॉर्च धर. हलवू नको." मी धरला. आत नुसतं लाल, सुजलेलं मांस. तीनदा नळी घातली, तिन्ही वेळा ती अन्ननलिकेत गेली. मामा गेला.

माझा हात हलला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्याचे कितीतरी अर्ज त्या दुपारच्या आधीचे होते. तारखा वाचवेनात. काम तसंच टाकून मी त्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना त्यांनी केव्हाच बंद केला होता, पण मला त्यांनी लगेच ओळखलं.

"माझा हात हलला, म्हणून झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या हाताकडं माझं लक्षच नव्हतं. कॅमेरा असता तर दिसलं असतं, कदाचित नसतंही. पण दुसऱ्यांदा चुकल्यावर इथं छेद द्यायला पाहिजे होता." त्यांनी कंठमण्याच्या खाली बोट टेकवलं. "ब्लेड ट्रेमध्येच होतं. माझं धाडस झालं नाही. रोज दाढी करताना बोट इथंच येतं."

मला हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

अहवालात मी गळ्यातून थेट वाट करणाऱ्या उपकरणांचं एक प्रकरण वाढवलं. कंपनीतल्या साहेबांनी फोन केला, "हे कुणी मागितलं होतं?" म्हटलं, राहू द्या. राहिलं.

मामी अधूनमधून येते. अजून विचारते, "डॉक्टरनं समदं केलं ना गं?"

मी व्हय म्हणते.