कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही

कळंब्याच्या त्या गल्लीत संयोगिता पोवारला लोक पाठीमागं ‘मोबाईल डॉक्टरीण’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण बाई फटकळ. आठवीतून शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न झालं, आणि त्यानंतर तीस वर्षांत तिनं हातात पुस्तक धरलं असेल तर ते पोरीचं, कव्हर घालायला.

मग केरबा पडला. शिरोलीच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला निघालेला धडधाकट नवरा चपला घालता घालता उंबऱ्यात कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळायचंही गेलं. दवाखान्यानं घरी पाठवला तेव्हा त्याच्या नाकात नळी होती आणि तिच्या हातात एक कागद. कागद इंग्रजीत. विचारावं तर डॉक्टरच्या दारात ही गर्दी.

पुण्याला दिलेल्या लेकीनं, पूर्णिमानं, आपला जुना मोबाईल आईला दिला. “इथं बोलून विचार, सगळं दाखवतंय,” म्हणाली. संयोगितानं विहिरीत हाक मारावी तसं मोठ्यानं विचारलं, “नाकातल्या नळीतनं पेज कशी घालायची?” आणि मोबाईलनं दाखवलं की! नागपूरकडची कोण एक नर्स, गोड बोलणारी, सावकाश सांगणारी. संयोगितानं तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला आणि बाराव्या वेळी पेज घातली.

तिथून जी गोडी लागली ती लागलीच. दर दोन तासांनी कूस बदलायची. पेज घालताना डोकं उंच, आणि नंतर अर्धा तास तसंच. ज्याला गिळता येत नाही त्याला तोंडानं दिलेले पातळ पदार्थ वाईट, घोटभर पाणीसुद्धा अन्ननलिका सोडून फुप्फुसात उतरतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ठसका लागला तर बरं, अंग अजून झगडतंय. ठसका लागून मधेच थांबला तर धावायचं. हे सगळं तिनं पोरीच्या जुन्या वहीत वेड्यावाकड्या अक्षरात उतरवून घेतलं होतं. सात महिन्यांत केरबाच्या पाठीला एक जखम झाली नाही. तपासायला आलेल्या सिस्टरनं “तुम्हाला कुणी शिकवलं?” म्हणून विचारलं, तेव्हा हिनं पिशवीतून मोबाईल काढून दाखवला.

असंच बघता बघता तिला तो कोर्स सापडला. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी, मराठीत, तीन महिन्यांचा, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. उद्या कुठल्या दवाखान्यात काम मिळेल, असं ती पूर्णिमाला सांगायची. ते खरंही होतं. पण त्याहून खरं म्हणजे आपलं नाव कुठल्यातरी कागदावर ‘उत्तीर्ण’ म्हणून छापलेलं तिला बघायचं होतं. आठवीची परीक्षा द्यायच्या आधीच बापानं शाळेतून काढलं होतं, ते दुःख बाईनं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. केरबाला तेवढं सांगितलं. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट दाबलं.

परीक्षा मोबाईलवरच. चाळीस प्रश्न, एक तास. नियम असा की कॅमेरा चालू ठेवायचा आणि त्याच्यासमोरून उठायचं नाही. चेहरा दिसेनासा झाला की आधी लाल अक्षरांत इशारा, आणि लगेच परत दिसला नाही तर पेपर आपोआप बंद. संधी फक्त दोन.

पहिल्या वेळी नवव्या प्रश्नाला बाहेरच्या खोलीत केरबा खोकला. बाई उठली आणि धावली. बघते तर काय, थुंकी गिळताना जरासं खवखवलं होतं, आणि गडी आरामात टीव्ही बघत पडलेला. परत येईस्तोवर पेपर मिटलेला. मग तिचा तोल सुटला. “मुद्दाम केलासा व्हय? माझं जरा बरं झालं की तुमच्या पोटात दुखतंय!” असं बोलायला नको होतं, आणि ते तिला बोलतानाच कळत होतं. केरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. रात्री त्याचं तोंड पुसताना तिनं त्याची माफी मागितली, पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो!

दुसऱ्या वेळेला तिनं पक्की तयारी केली. नृसिंहवाडीहून नणंदेला, चिमणाबाईला, बोलावून घेतलं. काम एवढंच, तासभर भावाजवळ बसायचं. केरबा चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून याच बहिणीनं त्याला वाढवलेला. तिच्याइतकं मायेचं माणूस दुसरं कोण असणार?

“वन्सं, त्यांच्या तोंडात कायबी घालायचं न्हाय. पाण्याचा थेंब बी न्हाय,” संयोगितानं तीनदा बजावलं.

“व्हय गं व्हय. किती येळा सांगतीस? मी काय आडाणी हाय?”

संयोगिता आत गेली, आवाज नको म्हणून दार लावलं, डाळीच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. पेपर सोपा होता. सोपा म्हणजे काय, एकेक उत्तर तिनं स्वतःच्या हातानं केलेलं होतं. तिसाव्या प्रश्नापर्यंत ती मनातून हसत होती.

एकतिसाव्याला ठसका ऐकू आला.

ती अर्धवट उठली. मोबाईलवर लाल अक्षरं आली, चेहरा दिसत नाही. ती खाली बसली. मागच्या वेळी असंच झालं होतं, काही नव्हतं, आणि आज तर वन्सं जवळ आहेत. दुसरा ठसका आला, घशात पाणी असल्यासारखा ओला. तिनं बत्तिसाव्याचं उत्तर दाबलं. तिसरा आला, आणि मधेच थांबला.

आता इथं मी बाईची बाजू घेणार नाही, कारण तिनं स्वतःही कधी घेतली नाही. थांबलेला ठसका म्हणजे काय, हे त्या अख्ख्या गल्लीत फक्त तिला माहीत होतं. आठ प्रश्न राहिले होते. ती बसून राहिली. पाच मिनिटं लागली असतील.

दार उघडून बाहेर आली तर चिमणाबाईच्या हातात वाटी. येताना वाडीहून आणलेली बासुंदी.

“चार चमचं खाल्लं की गं! नुसता बघत हुता माझ्याकडं. सात म्हयनं जिभेला चव न्हाय, मला बघवंना. हासला बघ, हासला.”

केरबाचा घसा घरघरत होता, ओठ निळे पडत चालले होते. संयोगितानं त्याला कुशीवर घेतला, बोटाला फडकं गुंडाळून तोंड साफ केलं, शेजाऱ्याला हाक मारून रिक्षा आणवली. शिकलेलं सगळं तिनं केलं, अगदी बरोबर केलं, आणि पाच मिनिटं उशिरा केलं. दवाखान्यात सांगितलं, दूध फुप्फुसात गेलंय. ताप उतरलाच नाही. नवव्या दिवशी केरबा गेला.

दिवस घालायच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. चिमणाबाई बायकांना सांगत होती, “मरायच्या आधी वाडीची बासुंदी माझ्या हातनं खाल्ली त्यानं. दत्त महाराजांनीच बुद्धी दिली मला. उपाशी न्हाय गेला माझा भाऊ.” बायका माना डोलावत होत्या, डोळे पुसत होत्या. त्या म्हातारीला तेवढाच आधार होता.

संयोगितानं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. गप्प बसली असती तरी चाललं असतं, आणि दुसरी कुणी असती तर बसलीही असती. पण नणंद आपल्याला मायेनं जवळ घेते, पाठीवरून हात फिरवते, हे तिला आता सोसवत नव्हतं.

“वन्सं, त्या बासुंदीनं गेले ते.”

चिमणाबाई भिंतीला टेकत खाली बसली. मग म्हणाली, “म्हंजे मी मारला व्हय त्याला?”

“तुमास्नी ठावं नव्हतं. मला ठावं हुतं. ठसका आयकू आलता मला. थांबल्याला बी आयकू आला. पेपर बंद पडंल म्हणून मी उठलो न्हाय.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. शिव्या देईल, ऊर बडवून घेईल, बाहेरच्या बायकांना ओरडून सांगेल, कशालाही संयोगिता तयार होती. चिमणाबाईनं त्यातलं काही केलं नाही.

“पास झालीस न्हवं?” तिनं विचारलं.

“झालो,” संयोगिता म्हणाली.