रोवण्यातला रविवार

सायकल रॅलीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘सर्वांसाठी खुली.’ मी पत्रकं वाचतच मोठी झाले. बाबा वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात होते आणि युनियनचे कागद आमच्या घरी गठ्ठ्याने पडलेले असत. फडताळात तेच अंथरलेले, डब्यांच्या झाकणाखाली तेच. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे छापलेला शब्द मी फार गंभीरपणे घेते. ‘सर्वांसाठी’ म्हणजे सर्वांसाठी. मी ते पत्रक घेऊन थेट मामीकडे गेले.

मामीचं गाव वरठीच्या पुढे, तुमसर रस्त्याला लागून. तिच्या पडवीत एक काळी सायकल उभी होती. मामेबहिणीला शाळेतून मिळालेली. बहीण लग्न होऊन गेली, सायकल राहिली. दोन वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, मामी ती स्वतःच शिकली. तलावाच्या बांधावर, सकाळी लोक उठायच्या आत. तरी गावाला कळायचं ते कळलंच.

“मामी, कोणत्या शाळेत नाव घातलं वो?” पानठेल्यावरून कोणीतरी ओरडायचं.

“तुह्याच वर्गात,” मामी पायडल न थांबवता म्हणायची. “तू तं अजून तिथंच बसून आहेस ना?”

पत्रक तिने दोनदा वाचलं. भंडाऱ्यातून निघून वरठी, मोहाडी करत तुमसरपर्यंत. परत यायला सायकलींसकट टेम्पो.

“आपल्या घरासमोरूनच जाते,” ती म्हणाली. “मी आजवर तुमसरले बसनंच गेली. नाही तं मामाच्या मागं बसून.”

एवढंच तिला हवं होतं. तुमसरपर्यंत स्वतःच्या पायाने जायचं होतं. बक्षीस, पदक, पेपरातला फोटो, यातलं काही नको होतं. स्त्रीमुक्तीवर माझ्याजवळ एक भाषण तयार होतं, ते तिने अर्ध्यावर थांबवलं. “ते जाऊ दे. पावसात ब्रेक लागत नाही, त्याचं काय करतं ते सांग.”

आम्ही तयारीला लागलो. पाऊस असेल त्या दिवशी मुद्दाम निघायचो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून हलके हलके दाबायचा. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून जायचं नाही, पाणी पडलं की तो शेवाळासारखा घसरतो. रूळ तिरपे ओलांडायचे नाहीत, चाक सरळ घालायचं. वरठीला कारखान्याच्या पाळ्या सुटायच्या वेळी आम्ही मुद्दाम त्या गर्दीत शिरायचो. सगळ्यांत मोठा नियम बाबांनी सांगितला होता. पाळीला जाताना ते वर्षानुवर्षं घोळक्यातच सायकल चालवत. घोळक्यात एकाएकी थांबायचं नाही. मागचा अंगावर येतो आणि त्याच्या मागचा त्याच्यावर.

माझ्याकडे बाबांचीच जुनी सायकल होती. मामी माझ्या मागे राहायची आणि माझ्या चाकाचा सगळा चिखल तिच्या तोंडावर उडायचा. एका दिवशी तिने ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, गरम खिळ्याने त्याला भोकं पाडली आणि माझ्या मडगार्डला तारेने बांधला. पट्टी जमिनीला टेकते न टेकते अशी लोंबत होती.

“आता तुह्या मागं कोणीबी येवो,” ती म्हणाली.

अडचण एकच होती, रोवणा, म्हणजे धानाची लावणी. आमच्या भागात त्या दिवसांत धान रोवायच्या बाया टोळीने फिरतात. आज हिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या तिच्या. प्रत्येकीचं शेत पाळीने होतं आणि जिचं झालं तिने बाकीच्यांचं पुरं होईस्तोवर सुटायचं नाही. रॅली नेमकी त्यातच ठेवली होती. ‘सर्वांसाठी’ लिहिणाऱ्याने रोवणा कधी असतो हे कोणाला तरी विचारायला हवं होतं. जिल्हा धानाचा, रस्ता धानातून जाणारा, आणि तारीख ठरवताना धान कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी खवळले. आयोजकांना खुलं पत्र लिहायला बसले.

मामीने मात्र वेगळाच तोडगा काढला. तिने टोळीतल्या बायांना गळ घातली, की या वर्षी माझ्या बांध्या सगळ्यांच्या आधी घ्या. म्हणजे रोवणा लवकर सुरू होईल, पुढची शेतं रविवारच्या आत उरकतील आणि ती मोकळी होईल. बायांनी हसून मान्य केलं. “जा बाई, सायकलवर मिरवून ये. आमाले तुमसरवरून पेढा आण.” तिच्या घरी मोटरपंप होता. पावसाची वाट न पाहता चिखल झाला आणि टोळीने तिचं शेत आधी रोवून दिलं. हिशेब बरोबर होता.

मग पाऊस गेला.

आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. ज्यांच्याकडे पंप नव्हता त्यांच्या बांध्यांना भेगा पडल्या. वाफ्यातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर उंच होऊन पिवळी पडायला लागली. आम्ही कोरड्या रस्त्यावर सायकली फिरवत होतो आणि मामी प्रत्येक वळणावर आभाळाकडे बघत होती. रॅलीच्या आधल्या शुक्रवारी तो आला. असा आला, की शनिवारी गावातल्या सगळ्या बांध्या एकदम तयार झाल्या.

शनिवारी संध्याकाळी मी पोचले तेव्हा मामी सायकलची सीट प्लास्टिकने बांधत होती. मला वाटलं, उद्याचीच तयारी चालली आहे.

“पडवीत गळून राहिलं,” ती म्हणाली. “उद्या मी येऊन नाही राहिली.”

“काहून?”

“उद्या रस्त्यालगतचं शेत आहे, टोळीतल्या म्हातारीचं. पऱ्हे जून होऊन राहिले. उद्या नाही रोवले तं गेले.”

मी बोलायला लागले. काय काय बोलले! एका बाईने एक दिवस स्वतःसाठी मागितला तर आभाळ कोसळतं का? टोळीत एक हात कमी पडला तर शेत बुडतं का? मामीने प्लास्टिकची गाठ आवळली. मग म्हणाली, “माह्यं पहिल्यांदा रोवलं ना त्यायनं? माह्या सांगण्यावरून रोवलं. आपली पाळी पुढं घेतली नसती तं मले आज म्हणता आलं असतं, की माह्यंही बाकी आहे, सगळ्याच थांबून आहो. आता कोणत्या तोंडानं सांगू?”

हे मी वाचलेल्या कुठल्याही पत्रकात नव्हतं.

तिनेच मग वातावरण हलकं केलं. “रस्त्यावरच तं आहो आम्ही. तू घंटी वाजवजो. एक लांब, मंग दोन लहान. मी उभी होऊन हात दाखवीन. तेवढंच.”

रविवारी पाऊस न थांबता पडत होता. निघताना किती लोक असतील याचा मला अंदाजच नव्हता. वरठी येईपर्यंत रस्त्यावर पुढे-मागे सगळ्या सायकलीच झाल्या, सगळ्यांच्या अंगावर आयोजकांनी वाटलेले एकसारखे पिवळे रेनकोट. रूळ आले तेव्हा मी चाक सरळ घातलं आणि सवयीने मागे ओरडले, “सरळ घाल!” मागे कोणीतरी भलतीच बाई होती. तिनेही सरळ घातलं.

मामीचं गाव आलं तशी शाळेची पोरं दुतर्फा उभी राहून ओरडू लागली. त्यांना बघून एकाने घंटी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. मीही वाजवली. एक लांब, दोन लहान. मलाच ऐकू आली नाही.

उजव्या हाताला म्हातारीचं शेत होतं. बायांची ओळ वाकलेली, प्रत्येकीच्या डोक्यावरून पाठीवर निळ्या प्लास्टिकची खोळ. मी डोळे ताणून बघितलं. आमच्या घरच्या पत्रकांत नेहमी ‘कष्टकरी महिला’ असायच्या, अनेकवचनात. त्या समोर होत्या, आणि मला त्यांतली एक हवी होती. ती सापडली नाही. कोणी उठलं नाही. थांबावं म्हणून हात ब्रेकवर गेला, पण मागच्या बाईचं चाक माझ्या चाकाला लागून होतं. पुढे घोळका विरळ झाला तेव्हा कडेला घेऊन उतरता आलं असतं. त्या वेळी मी पायडलच मारत राहिले.

तुमसरला पदक गळ्यात घातलं कोणीतरी. येताना टेम्पोची ताडपत्री बांधलेली होती. गाव कधी गेलं ते दिसलंच नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन मामीकडे गेले. ती चुलीजवळ हात शेकत बसली होती. पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

“घंटी वाजवली का वो तू?” तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

“वाजवली ना.”

“सगळेच वाजवून राहिले होते. मी हरेक घंटीले उभी होऊ. हात दाखवू. कोणी अनोळखी हात दाखवे, मीही दाखवू. माह्या वाट्याच्या पातीत रोवणा मागं पडला. मंग बाया चिडल्या, ‘बाई, उठबशा काढाले आली का?’ मंग मी पाहणंच सोडलं.” ती हसली. “तू त्याच्यानंतर गेली असशील.”

“असेन.”

मी पदक पिशवीतून बाहेर काढलं नाही. तिने पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला आणि विचारलं, “तुह्या मागं कोण होतं?”

“जवाहरनगरची कोणीतरी मॅडम होती.”

“तिच्यावर चिखल तं नाही उडाला?”

“नाही. तुमसरपर्यंत कोरी होती ती.”

“मंग पट्टी बरोबर लागली होती,” मामी म्हणाली आणि पुन्हा हात चुलीकडे धरले.