बाबांनी विचारलं तेव्हा

माझ्या ताईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. का येत नाही, हे आता नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात माझा वाटा किती, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे ताईला आहे, पण ती बोलली नाही, आणि मी तर कधीच नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. आज तुमच्याजवळ बोलतो आहे. तुमच्याजवळच का? तुम्ही मला चेहऱ्याने ओळखत नाही म्हणून असेल. तोही भित्रेपणाच.

आम्ही मध्य प्रदेशातल्या, नागपूरजवळच्या सौंसरचे. बाबा तिथल्या मराठी शाळेत गुरुजी. आमच्या बौद्ध वस्तीत शिकलेला पहिला माणूस, म्हणून लोक घरची भांडणंही त्यांच्याकडे घेऊन येत. कुणी बायकोवर हात उचलला असं कळलं, तर बाबा त्याला विहारात बोलावून चार लोकांसमोर बसवायचे, आणि ती बाई म्हणेल तोवर तिला माहेरी ठेवायला लावायचे. बाबा तसे होते. हे आधीच सांगून ठेवतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नागपूरच्या एका इलेक्ट्रिकल इंजिनीअरशी तिचं लग्न झालं आणि लवकरच ती दोघं कॅनडाला गेली. नाव ऐकलेल्या मोठ्या शहरात नाही. पार आत, गव्हाच्या सपाट मुलखात, जिथे वर्षातले पाच महिने बर्फ. भाऊजी तिथल्या वीज कंपनीत लागले. वस्तीत आमच्या घराकडे बोट दाखवून लोक सांगायचे — गुरुजींची पोरगी कॅनडात आहे.

मी तेव्हा नागपूरला एका कचेरीत कॉम्प्युटरवर काम करायचो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. कॉम्प्युटरला अख्खी थंड खोली लागे आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. ताईच्या त्या प्रांताला असं काम जाणणारी माणसं पाहिजे होती, पण एवढ्या दूर, एवढ्या थंडीत कोण जाणार? म्हणून जो तिथेच राहायला तयार असेल, ज्याचं तिथे सख्खं नातं असेल आणि तो नातलग त्याची जबाबदारी घेईल, त्याच्या अर्जाला वजन होतं. भाऊजींनी जबाबदारी घेतली. आपल्याच कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांनी ते आपणहून केलं असं मला तेव्हा वाटलं. ताई दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती, हे मला मागाहून कळलं.

दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखत झाली. साहेबाने विचारलं, सगळे मोठ्या शहरांत जायला बघतात, तुम्ही तिथे का जाता? मी म्हटलं, तिथे माझी बहीण एकटी आहे, तिला आपलं माणूस होईल. साहेबाला ते आवडलं. मलाही आवडलं. मी खोटं बोलत नव्हतो — त्या दिवशी तरी नाही.

विमानतळावर ताईने मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मला वाटलं, माहेरची आठवण.

मी त्यांच्याच घरी राहिलो, खालच्या खोलीत. आणि हे सांगायलाच पाहिजे की भाऊजी माझ्याशी चांगले वागले. आपला जाड कोट मला दिला. गाडी चालवायला शिकवली. बर्फावर मी ती खांबाला ठोकली तरी आवाज चढवला नाही. कामावर लोकांना सांगायचे, हा माझा मेहुणा, हुशार आहे. असा माणूस — म्हणजे कसा माणूस? मी पुष्कळ दिवस हा प्रश्न स्वतःला घालत बसलो. तो घालत बसलं की दुसरं काही करावं लागत नव्हतं.

पहिल्यांदा पाहिलं ते एका रविवारी सकाळी. मी बाहेर दारापुढचा बर्फ काढत होतो. हातमोजे ओले झाले म्हणून दुसरे घ्यायला आत आलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. भाऊजींनी ताईचे केस धरले होते आणि दुसऱ्या हाताने ते तिच्या कानशिलावर मारत होते. ओरडणं नाही, शिवी नाही. त्यांची चिमुरडी लेक पल्लवी टेबलाखाली बसली होती. ताईने मला पाहिलं. भाऊजींची पाठ होती.

मी काय केलं? बाहेर गेलो. वाट सगळी साफ झाली होती, तरी त्याच वाटेवर फावडं ओढत राहिलो — खालचा दगड खरडेपर्यंत. मग ताईने दार उघडून चहाला बोलावलं. तिघांनी चहा घेतला. भाऊजी म्हणाले, तू फार मेहनती आहेस.

त्यानंतर मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि भिंतीपलीकडून ऐकलंही. ताई एकदाच बोलली. म्हणाली की इथे कुणाला सांगून उपयोग नाही, माझी भाषाही कुणाला कळत नाही. पण घरी जाऊ तेव्हा मी बाबांना सांगणार आहे. तू आहेस म्हणून मला धीर आहे. मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

दोनेक वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगी पांढुर्ण्याची. लग्न सौंसरला करायचं होतं. ताई, पल्लवी आणि मी निघालो. भाऊजींना सुटी नव्हती. विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हसत हसतच सांगितलं की तिच्या डोक्यात तिकडे कुणाला काही भरू देऊ नको. तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे, बायकोचे कागद व्हायचे आहेत. मी आहे तोवर काळजी नाही. एवढंच. मी म्हटलं, हो भाऊजी.

लग्न झालं. संत्र्याचे ट्रक भरून जायचे ते दिवस होते. गावभर तो वास. ताई माहेरी आल्यावर टवटवीत दिसायला लागली, जेवायला लागली. परत जायचे दिवस जवळ आले तशी पुन्हा गप्प झाली. मग एका दुपारी असं झालं — सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाबा खाटेवर बसले होते आणि पल्लवी खाली खेळत होती. खुंटीवरचा शर्ट काढायला म्हणून बाबांनी हात वर केला. पल्लवीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती भिंतीशी सरकली.

बाबांनी हात तसाच ठेवला. मग हळूहळू खाली घेतला. आयुष्य लेकरांत गेलेला माणूस तो. कुठलं लेकरू कशाने डोकं झाकतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ताईला हाक मारली. आईही बाहेर आली. आणि ताईने सांगितलं. रडली नाही. सरळ सांगितलं, आणि म्हणाली, मी आता जाणार नाही.

माझी नवी नवरी आत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. आई म्हणाली, जवाई तर एवढे चांगले दिसतात, पोरीची काही समजण्यात चूक — पण बाबांनी तिला थांबवलं. ते माझ्याकडे वळले. त्यांचा एकेक शब्द मला पाठ आहे.

"तू त्या घरात राह्यला. तुनं पाह्यलं असन. तो हात उचलते का हिच्यावर? खरं असन तर मी हिले धाडत नाई. लोक काय म्हणतीन ते मी पाहून घेईन."

लक्षात आलं ना? ते तयार होते. माझ्या एका 'हो'ची वाट होती. कुठलंही धाडस मला करायचं नव्हतं. सगळं धाडस बाबाच करणार होते. ताई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती — तिला वाटलं, आता झालं.

मी म्हटलं, "नाई बाबा. माह्यासमोर तं असं कधी झालं नाई."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. बाबा पल्लवीकडे बघत होते, म्हणून मी म्हटलं की तिच्या बालवाडीत एक दांडगा पोरगा आहे, तो मारतो, तेव्हापासून ती अशी दचकते. मग म्हटलं की तिकडे चार-चार महिने ऊन नसतं, बाया घरात एकट्या असतात, त्यांच्या मनात काहीबाही येतं; डॉक्टर लोकही तसं सांगतात. हे मी कुठून आणलं? आधी ठरवलं नव्हतं. एकातून एक येत गेलं, आणि मला त्याची लाज वाटायच्या ऐवजी, सांगतो, ते पटण्यासारखं होतंय याचं बरं वाटलं.

मला खोटं पाडायला ताई एक शब्द बोलली असती तरी बाबांनी कदाचित — पण ती उठली, पल्लवीला कडेवर घेतलं आणि आत गेली. शेवटी बाबा म्हणाले की सख्खा भाऊ सांगतो आहे तर मग ठीक आहे.

तीन दिवसांनी आम्ही बसने पांढुर्ण्याला आलो, दिल्लीची गाडी धरायला. बाबा पोचवायला आले होते. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की नीट राहा, काही वाटलं तर भावाला सांग. गाडीत ताईने डबा उघडला आणि मला अगोदर वाढलं.

परत गेल्यावर माझी नोकरी पक्की झाली. बायकोचे कागद झाले. आम्ही वेगळं घर घेतलं, आणि मी ताईकडे जाणं कमी कमी करत नेलं. नंतर मला समजलं की एकदा त्या देशाने मला आत घेतल्यावर भाऊजी माझं फारसं काही बिघडवू शकत नव्हते. पण हे मला आधी ठाऊक असतं तर मी खरं बोललो असतो का? मला तसं म्हणायला आवडेल. म्हणवत नाही.

ताईचा कान गेला तो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.

आणखी तीन वर्षांनी एका सकाळी ताई पल्लवीला घेऊन त्या घरातून निघाली. माझ्याकडे आली नाही. शेजारची एक म्हातारी गोरी बाई तिला आपल्या गाडीतून बायकांच्या एका आश्रयघरात घेऊन गेली. तोवर ताई तिची भाषा शिकली होती. मला तर भाऊजींच्या फोनवरून कळलं. मग पोलीस, कोर्ट, डॉक्टरचा दाखला — सगळं उघड झालं, आणि सौंसरपर्यंत पोचलं.

बाबांनी मला ट्रंक कॉल लावला. आवाज नीट येत नव्हता. त्यांनी विचारलं की तुला खरंच माहीत नव्हतं ना? मी म्हटलं, नाही बाबा. दुसऱ्यांदा.

ते दशक संपता संपता ताई घरी आली आणि मीही आलो. बाबा खंगले होते. आईने सांगितलं की त्यांनी विहारात जाणं सोडलं आहे. लोक भांडणं घेऊन आले तर म्हणतात, दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्याच पोरीचं मला कळलं नाही. एके दिवशी आम्ही चौघे सपरीत बसलो होतो. बाबा ताईच्या उजव्या बाजूला येऊन बसले — तिला त्या बाजूने ऐकू येतं हे त्यांनी कुणाला न विचारता हेरलं होतं — आणि त्यांनी आपल्या लेकीपुढे दोन्ही हात जोडले. बाबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "तू सांगून राह्यली होती. मीच तुले धाडलं. चूक माही होती, माय."

मी समोरच होतो. आता तरी? आताही माझी जीभ हलली नाही. ताईने बाबांचे हात धरून खाली घेतले. एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोललो असतो — नाही, हेही खोटंच.

ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा. कोणालेच माहीत नोतं."

बाबा त्याच वर्षी गेले. चूक आपलीच होती असं समजून गेले. मी त्यांना तसं जाऊ दिलं.