एवढंच रंगीत करा

स्टुडिओचं एक बरं असतं. फोटो गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो. असे किती साठलेत! दुपारी जेवून जरा डोळा लागला की एकेक आपणहून समोर येतो.

सन दोन हजारच्या आसपास कोल्हापुरातल्या आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला सुभाष आला. त्यानं नवीच गंमत काढली. अख्खा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, त्यातलं एकच काहीतरी रंगीत ठेवायचं. काचेत नमुना लावला, राखाडी रंकाळा तलाव आणि काठावर एक लाल छत्री. सकाळी शटर वर केलं की मीसुद्धा आधी त्या छत्रीकडेच बघत राहायचो.

*

पहिलं गिऱ्हाईक, दूधवाले तात्या. म्हशीबरोबरचा फोटो घेऊन आले. "सगळं काळं-पांढरं करा. फकस्त आमची गंगी रंगीत पायजे!"

सुभाषनं दुपारभर कॉम्प्युटरवर म्हशीची कड कापली. प्रिंट निघाली, तर म्हैस काळी ती काळीच! मी तोंड लपवून बसलो. तात्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"व्हय! आत्ता कशी आमची गंगी दिसाय लागली!"

*

मग जयसिंगपूरचं लग्न. नवरा-नवरी रंगीत, मागची माणसं ब्लॅक अँड व्हाइट. नवरदेव खूश. दुसऱ्या दिवशी त्याची आत्या अल्बम काखेत मारून हजर!

"त्यास्नी रंग, आन् आमाला न्हाय? आमी काय मेलोय व्हय?"

आत्याला रंग दिला. मग मामा आले, मग मामी. शेवटी बिनरंगाचा उरला तो मांडवाचा खांब.

सुभाष म्हणाला, "त्येचं कोण यायच्या आत त्यो बी करून टाकतो!"

*

आणि मलकापूरच्या सुशीलाबाई. साठीच्या असतील. नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन आल्या, मूळचाच ब्लॅक अँड व्हाइट. कडेला एक तरुण बाई उभी, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघणारी.

"ही माझी आई. मी पाळण्यात असतानाच गेली. तिचा ह्यो एकच फोटो हाय. तिचं लुगडं तेवढं रंगीत करा."

"रंग कुठला होता?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, तुकडा काढला. थोरल्या बहिणीनं आईचं लुगडं घालून शिवलेली वाकळ. धुऊन धुऊन रंग पार उडालेला. सुभाषनं ब्लेडनं हलकेच शिवण उसवली. दुमडीच्या आत, ऊन न लागलेला, जांभळा रंग होता, पिकल्या करवंदासारखा.

तुकडा स्क्रीनला लावून सुभाष रंग जुळवत गेला. राखाडी वऱ्हाडात हळूहळू एक जांभळं लुगडं उमटलं. मला तर ते वाऱ्यानं हललंसं वाटलं. खोटं कशाला सांगू!

बाईंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"रंग बरूबर हाय," त्या सुभाषला म्हणाल्या. "आता तिला जरा हिकडं बघाय सांगा की!"