मुलिगटॉनी, म्हणजे नुसतं मिरीचं पाणी?

मंडळी, एवढ्या उशिरा लिहितोय, माफ करा. जीव थाऱ्यावर नाही.

दुपारी खांदा कॉलनीत पुतण्याच्या साखरपुड्याला मुलिगटॉनी सूप होतं. लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून आमची ही अख्खा मार्गशीर्ष पाळते, मटण-मासळीला शिवत नाही. मी वाढप्याला नावाचा अर्थ विचारला. तो तमिळ. म्हणाला, "मिळगु म्हणजे मिरी, तन्नी म्हणजे पाणी."

मी हिला म्हटलं, "पी गं, मिरीचं पाणी आहे."

"तुमी बोलता ना, मंग पिते." तिने वाटी संपवली.

घरी येताना भाचा हसला, "मामा, नाव तमिळ, पण गोऱ्या साहेबांनी त्यात कोंबडी घातली! आजचं कुठलं होतं, साधं की कोंबडीचं?"

केटरर फोन उचलत नाही. हिला सांगितलेलं नाही. लेकीचे दिवस भरलेत. अजाणता खाल्लं तर व्रत मोडतं का? जाणकारांनो, लवकर कळवा.